हवा, ऊन, पाणी आणि विसावा

(श्रीगोंदा येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीस शेतकरी आहेत, सुतार-लोहार आहेत, कुंभार, चांभार, न्हावी, शिंपी मंडळी आहेत. आणि ज्यांच्यावाचून यांपैकी एकाचीही चूल पेटत नाही अशा मायबहिणीही पुष्कळ आल्या आहेत, याचा मला संतोष वाटतो. माझा विषय मोठ्या पांडित्याचा नाही. पावसाळा लागला की घरोघर ताप, खोकला व अंगदुखीची जी साथ येते, आणि थंडीच्या दिवसांत जी पुन्हा डोके वर काढते, तिला घराबाहेर कसे ठेवावे, एवढाच विषय आहे. परंतु या लहानशा विषयाच्या पोटात केवढा अन्याय दडला आहे, तेही आपणांस आज पाहावयाचे आहे.

अलीकडे जो तो म्हणतो, "आम्हांला नैसर्गिक उपाय सांगा." मागणी वाजवी आहे. पण बाजारात पाहावे तर नैसर्गिक चूर्ण, नैसर्गिक काढा, नैसर्गिक धूप यांची रास लागलेली! डबीवर झाडाचे एक पान छापले की आतल्या मालाची किंमत दुप्पट होते. पूर्वी जो व्यापार देवाच्या नावावर चाले, तोच आता निसर्गाच्या नावावर चालू झाला आहे. गिऱ्हाईक मात्र तेच राहिले, म्हणजे तुम्ही आम्ही.

मी म्हणतो, निर्मिकाने खरे नैसर्गिक उपाय कोणत्याही डबीत भरून ठेवलेले नाहीत. वाहती हवा, कडक ऊन, स्वच्छ पाणी आणि थकल्या शरीराला विसावा, हे ते चार उपाय होत. या चारांवर निर्मिकाने किंमत लिहिली नाही. तरीही गरिबाच्या घरी हे चारही पुरते पोहोचत नाहीत. ते का पोहोचत नाहीत, हा प्रश्न ज्याने विचारला नाही, त्याने आरोग्याचा विचारच केला नाही असे समजावे.

आधी रोग ओळखू. इन्फ्लुएंझा म्हणजे साधे पडसे नव्हे. पडशात नाक वाहते, पण गडी नांगर धरू शकतो. यात एकाएकी हुडहुडी भरून ताप चढतो, सांधे ठणकतात, डोके फुटते, कोरडा खोकला लागतो आणि धट्टाकट्टा माणूस अंथरूण धरतो. याचे कारण एक विषाणू आहे. तो इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही दिसत नाही. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा हा विषाणू विलायतेतील संशोधकांनी १९३३ साली प्रथम शोधून काढला. रोगी खोकतो, शिंकतो किंवा नुसता बोलतो, तेव्हा त्याच्या तोंडातून बारीक तुषार उडतात. मोठे तुषार चार-सहा फुटांच्या आत खाली पडतात. अगदी बारीक असतात ते कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. शिवाय रोग्याचा हात दाराच्या कडीला, तांब्याला, मोबाइलला लागतो. त्यावर आपला हात पडतो, आणि तोच हात आपण नाकाडोळ्यांस लावतो. रोगाच्या वाटा एवढ्याच. यांत कोणाची दृष्ट नाही, साडेसाती नाही, देवीचा कोपही नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोगी दुसऱ्यास रोग देऊ शकतो. लहान मुले त्याहूनही अधिक दिवस. म्हणजे माणूस "मला काही झालेले नाही" असे म्हणत बाजारात फिरत असतो, तेव्हाही तो रोग वाटीत असू शकतो. यास्तव साथीच्या दिवसांत सावधपण सर्वांनीच पाळले पाहिजे.

आता इतिहासाकडे वळू, कारण त्यावाचून या विषयाचे मर्म कळणार नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्या साथीस 'मानमोडी' म्हणत, ती १९१८ सालची. त्या सालच्या जून महिन्याच्या १० तारखेस मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले, आणि तेथून साथीच्या नोंदीस आरंभ झाला. पहिली लाट सौम्य होती. लोक म्हणाले, आला तसा गेला. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट उठली. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. आगगाडीच्या रुळांवरून साथ मुलुखाच्या पोटात शिरली. आपल्या तालुक्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग तेव्हा चाळीस वर्षांचा जुना झाला होता. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे गेली, आणि साऱ्या हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली सुमारे २५ कोटी २१ लाख लोक होते. १९२१ साली मोजले तेव्हा २५ कोटी १३ लाख भरले. दहा वर्षांत पाळणे हलले ते सगळे मसणवटीत गेले, असा याचा अर्थ.

त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. धान्य महाग, चारा नाही, पोटात अन्न नाही. अशा शरीरात विषाणू शिरला तर त्याला अडवणार कोण?

आता मुंबई शहराची एक नोंद ऐका आणि मनावर कोरून ठेवा. त्या साथीत युरोपियनांमध्ये दर हजारी सुमारे ८ माणसे मेली. पारशांत ९. वरच्या म्हणवणाऱ्या हिंदूंत सुमारे १९. आणि ज्यांना खालच्या जातीचे म्हणून हिणवले, त्यांच्यात दर हजारी ६१! एकच शहर, एकच महिना, एकच विषाणू. पण एका वस्तीत आठ तिरड्या उठल्या तर दुसऱ्या वस्तीत एकसष्ट. विषाणूने जानवे तपासले काय? दाखला मागितला काय? त्याने एवढेच पाहिले की कोठे एका खोलीत दहा माणसे निजतात, कोठे खिडकी नाही, कोठे नळ नाही, कोठे ताटात अर्धीच भाकर आहे, आणि कोठे माणूस ताप अंगात घेऊन कामावर जातो. जातीने ज्याला जेथे लोटले होते, तेथे विषाणूने त्याला गाठले. "त्यांचे नशीबच तसे" असे म्हणणारा मनुष्य एक तर अज्ञानी असावा, नाही तर लबाड.

दुसरी नोंद मायबहिणींविषयी आहे. हिंदुस्थानात त्या साथीत पुरुषांहून स्त्रिया अधिक मेल्या. का? घरातल्या साऱ्या रोग्यांची उशापायथ्याची सेवा तिने केली, खोकल्याचे तुषार सर्वांत जवळून तिच्याच तोंडावर आले, आणि सर्वांचे जेवण झाल्यावर भांड्याच्या बुडाशी उरेल ते तिने खाल्ले. स्वतःला ताप आला तरी ती जात्यावर बसलीच. आजही हे पुरते बदलले आहे असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

सेवेची गोष्ट निघाली म्हणून आपल्या माउलीचे नाव घेतो. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उभारला. लोक रोग्याच्या सावलीला भीत असता सावित्रीबाई रोगी उचलून आणीत. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देह पडला. प्लेग आणि इन्फ्लुएंझा हे रोग वेगळे. पण त्यांनी घालून दिलेला धडा एकच. रोग्यास उघड्या हवेत, वस्तीबाहेर, औषधपाण्यासह ठेवा; पण त्याला टाकू नका. ज्यांच्या मागे आपण चालतो म्हणतो, त्यांची ही शिकवण आहे.

आता उपायांकडे येतो. पहिला उपाय हवा. बंद खोलीत विषाणूची दाटी होते, वाहत्या हवेत त्याची पांगापांग होते. १९१८ साली अमेरिकेत बॉस्टन शहरानजीक डॉक्टरांनी रोग्यांना तंबूंत आणि उघड्यावर, हवेत व उन्हात ठेवून त्यांची शुश्रूषा केली होती. आपल्याकडे प्लेगच्या दिवसांत गाव सोडून रानात झोपड्या घालण्याची रीत पडलीच होती. तेव्हा आपल्या वाडवडिलांना हवेची किंमत ठाऊक नव्हती असे नाही. आपली जुनी माळवदी घरे उन्हाळ्यात गार राहतात हे खरे, पण अनेकांच्या भिंतींना खिडकी म्हणून नाही. अशा घरात निदान समोरासमोरची दारे दिवसातून तीन-चार वेळा उघडून वारा आरपार जाऊ द्यावा. आजाऱ्याची बाज आतल्या अंधाऱ्या खोलीत न टाकता ओसरीवर, पडवीत, पाऊस नसेल तर अंगणात टाकावी. अंगावर पांघरूण भरपूर द्यावे. "वारा लागेल" या भीतीने आजाऱ्यास कोंडणे म्हणजे त्याच्यासह घरच्या सर्वांस कोंडणे होय. बैठक, भजन, लग्नाच्या पंगती साथीच्या दिवसांत मोकळ्यावर घ्याव्यात. काष्टीच्या जनावरांच्या बाजारास माणूस जाणारच, कारण पोट तेथे आहे. पण तापलेल्या अंगाने जाऊ नये, आणि दाटीत उभे राहताना तोंडानाकावर मास्क किंवा स्वच्छ कापडाची दोन-तीन पदरी घडी बांधावी. ती रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवावी. चार दिवस तोच मळका रुमाल वापरण्यात अर्थ नाही.

दुसरा उपाय ऊन. आजाऱ्याची वाकळ, गोधडी, उशी, टॉवेल ही कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवावीत. सूर्यकिरण विषाणूस मानवत नाहीत. गुळगुळीत भांड्यावर किंवा कडीकोयंड्यावर तो एक-दोन दिवस तग धरू शकतो. कापडावर त्याहून कमी. आमच्या न्हावी बंधूंस माझी विनंती आहे की एकच टॉवेल सर्व गिऱ्हाइकांच्या तोंडावरून फिरवू नये. तुमचा धंदा असा की दुसऱ्याचे तोंड तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येते. साथीत मास्क बांधून काम करावे, दुकानाचे दार सताड उघडे ठेवावे आणि ज्याला खोकला आहे त्याला "दादा, चार दिवसांनी ये" असे गोड बोलून परत पाठवावे. यात अपमान कोणाचाही नाही.

तिसरा उपाय पाणी, आणि त्याच्या जोडीला साबण. या विषाणूच्या अंगावर चरबीचे पातळ वेष्टण असते. भांड्यावरचे तूप जसे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबणाने निघते, तसेच हे. साबण लागला की वेष्टण फुटते आणि विषाणू निकामी होतो. त्यासाठी जाहिरातीतली महाग वडी नको; कपडे धुण्याचीही चालते. तळहात, बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठे अशी वीस आकडे मोजेपर्यंत चोळावीत. बाहेरून आल्यावर, खोकल्या-शिंकल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, आजाऱ्याजवळून उठल्यावर हात धुवावेत. शिंक आली तर हाताच्या कोपरात, पदरात किंवा उपरण्यात घ्यावी. तळहातात घेऊ नये. वाटेल तेथे थुंकू नये. एकाच तांब्याला तोंड लावणे, एकच बिडी चौघांत फिरवणे, हे मैत्रीचे लक्षण आहे खरे. पण साथीत हीच मैत्री चौघांनाही अंथरुणावर घालते.

येथे कोणी म्हणेल, "हे तर आमचे जुने सोवळेच झाले!" नाही, बाबांनो. सोवळे आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोवळ्यात माणूस माणसाला विटाळ मानतो, पण न धुतलेल्या हाताने तीर्थ देतो. स्वच्छतेत माणूस पवित्रच असतो, हात मात्र धुवावा लागतो. आजाऱ्यापासून आपण जे अंतर ठेवतो ते पाच-सात दिवसांचे, त्याच्या आणि आपल्या दोघांच्या भल्यासाठी; आणि तो बरा होताच त्याला जवळ घेतो. शिवाशिवीचे अंतर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, आणि त्यापासून एकही जीव वाचला नाही. उलट त्याने लाखो लोकांना पाण्यापासून दूर ठेवले. ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, त्यालाच वर "घाणेरडा" म्हणणे, ही केवढी निर्लज्ज वहिवाट! म्हणून जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली. ती हक्काची लढाई होती. तीच आरोग्याचीही लढाई होती. ज्यांच्या श्रीगोंद्यात आपण आज बसलो आहोत त्या शेख महंमदांसारखा मुसलमान कुळातला संत वारकऱ्यांनी आपला मानला. त्या गावात तरी एका वस्तीला रोज नळ आणि दुसरीला आठवड्याने टँकर असा भेद कोठेही उरता कामा नये. उरला असेल तर ग्रामसभेत उठून विचारा.

चौथा उपाय विसावा, आणि हाच सर्वांत महाग. ताप आला म्हणजे शरीर आतून लढत असते. त्या वेळी त्याला कामाला जुंपणे म्हणजे बैल आजारी असता मोटेला धरण्यासारखे आहे. बैलाची आपण कीव करतो, बायकोची आणि मजुराची करतो काय? दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते, असे आपणच म्हणतो. पण मुंगीला चालायला वेळ देत नाही. ताप उतरून पूर्ण एक दिवस जाईपर्यंत तरी माणसाने घरी पडून राहावे. आजारी पोराला शाळेत धाडू नये. घरात सेवा करणारे माणूस एकच ठेवावे आणि ते मास्क बांधलेले असावे. ते सदासर्वदा बाईच असली पाहिजे असा कोणत्या शास्त्राचा हुकूम आहे? पुरुषालाही पाण्याचा तांब्या उचलता येतो.

आता ऊसतोडीच्या टोळ्यांकडे पाहा. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डीकडून ही माणसे आपल्या शिवारांत येतात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत वाकून शिरावे लागते. तीत नवरा, बायको, पोरे आणि पाण्याची एकच कळशी. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मजुरी टनावर मिळते, आणि उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस पडून राहिले तर खाडा धरला जातो. त्या बाईला आपण कोणत्या तोंडाने सांगावे की "ताई, तापात विसावा घे"? तिला काढ्याची पुडी देऊन आपण पुण्य जोडले असे समजणे, ही तिची थट्टाच होय. तिचा खरा नैसर्गिक उपाय म्हणजे आजारपणाचा खाडा माफ होणे, कोपीजवळ पाण्याची टाकी आणि साबणाची वडी असणे, आणि कोप्या एकमेकींपासून हात-दोन हात दूर व हवेशीर बांधल्या जाणे. हे आपल्या हाती आहे, कारण ऊस आपला आहे. सावकाराच्या जुलमाविरुद्ध ओरडणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर स्वतः सावकार होऊ नये.

विसाव्याच्या जोडीला अन्न. आजाऱ्यास उपाशी ठेवण्याची जी खोड आहे ती सोडावी. हुलग्याचे माडगे, मुगाचे कढण, मऊ भात, ताक, दूध, अंडे, जे परवडेल व रुचेल ते थोडे थोडे द्यावे. पाणी वरचेवर पाजावे. आपला तालुका लिंबाचा. लिंबू-पाणी तहान भागवते, तोंडाला चव आणते, जरूर द्यावे. पण लिंबू खाल्ले म्हणजे विषाणू अंगात शिरतच नाही असे कोणी सांगितले, तर तो लिंबाचा व्यापारी समजावा. आले-तुळशीचा गरम काढा, हळदीचे दूध, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, यांनी घशाला आराम पडतो. एक वर्षावरील मुलास चमचाभर मधाने खोकल्याला उतार पडतो. एक वर्षाच्या आतल्या मुलास मात्र मध कदापि देऊ नये, त्यातून त्यास घातक बाधा होऊ शकते. ही सर्व आरामाची साधने आहेत. रोग थोपवणारी ढाल म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

आता ज्या उपायांनी लाभ नाही आणि अपाय मात्र होतो, ते थोडक्यात सांगतो. कडुनिंब, गोवऱ्या, गुग्गुळ यांचा धूर घरात कोंडला तर विषाणू मरत नाही. घरच्यांच्या छातीस मात्र त्रास होतो, आणि चुलीच्या धुराने आधीच पोळलेल्या बाईच्या छातीस सर्वांत अधिक. कापूर पोटात गेल्यास लहान मुलास झटके येऊ शकतात. म्हणून त्याची पुरचुंडी पोराच्या गळ्यात बांधू नये. उकळत्या पाण्याच्या वाफाऱ्याने मुले भाजतात. गंडे-दोरे, शांती, अनुष्ठाने यांनी एकच गोष्ट नक्की हलकी होते, ती म्हणजे तुमची कनवट. यात भिक्षुकालाच बोल लावून भागणार नाही. आपल्यातला देवऋषीही तोच धंदा करतो. पूर्वी मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर लोटून देत. त्याने रोग जात नसे, गाडा तेवढा शेजारच्या गावात जाई. मग ते लोक तो पुढे लोटीत. आपले संकट दुसऱ्याच्या दारी ढकलणे याला धर्म म्हणणाऱ्यांची कमाल आहे!

अंधश्रद्धा नव्या वेषातही येते. तापाने माणूस आला की "डॉक्टर, एक सुई टोचा, एक सलाईन लावा" असा हट्ट धरतात, आणि पैशाला भुललेला एखादा तो पुरवतोही. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. ती विनाकारण घेतली तर पुढे खऱ्या गरजेच्या वेळी लागू पडेनाशी होतात. ताप व अंगदुखीसाठी साधी पॅरासिटामॉलची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने घ्यावी. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

येथवर निसर्गाचे सांगितले. पण निसर्गाच्या भक्तीत कोणी लसीला नावे ठेवू लागला तर त्याला थांबवा. लस ही काही निसर्गाशी वैर करीत नाही. शरीराच्या अंगी जी लढण्याची नैसर्गिक शक्ती आहे, तिला शत्रूचे तोंड आधी ओळखून देणे, एवढेच लस करते. हा विषाणू दरसाल रूप बदलतो, म्हणून इन्फ्लुएंझाची लस दरसाल घ्यावी लागते. तिने शंभरातले शंभर वाचतात असे नाही, पण रोगाची तीव्रता आणि मरणाचा धोका कमी होतो. गरोदर बाया, म्हातारी माणसे, लहान मुले, दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन तिची चौकशी अवश्य करावी. २००९ साली डुकरांपासून आलेल्या नव्या इन्फ्लुएंझाने देशातला पहिला बळी आपल्या शेजारच्या पुण्यातच घेतला, आणि त्या साथीत गरोदर बायांना व तरुण माणसांनाही मोठा धोका झाला. २०२० सालचा कोरोना तर आपण सर्वांनी भोगला. तेव्हा कोणी शहरांतून शेकडो मैल पायी चालत घरी आले, आणि कोणी आपल्या बंगल्यात बसून राहिले. शंभर वर्षांपूर्वीच्या ८ आणि ६१ या आकड्यांची आठवण बुजली होती ती पुन्हा ताजी झाली.

काही लक्षणे दिसली तर घरच्या उपायांवर क्षणभरही थांबू नये. धाप लागणे, श्वास घेताना पोराच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, ओठ निळे पडणे, छातीत दुखणे, बरळणे, गुंगी येणे, पाणीही न पिणे, लघवी थांबणे, किंवा ताप उतरून पुन्हा जोराने चढणे. अशा वेळी १०८ ला फोन करून गाडी बोलवावी आणि रोग्यास दवाखान्यात न्यावे. विषाणूवरचे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण येतो. गरोदर बाई, तान्हे मूल, म्हातारा माणूस यांना साध्या तापातही लवकर दाखवावे. अंगावर पिणाऱ्या मुलास आईचे दूध तोडू नये. आईने तोंडाला मास्क बांधून, हात धुऊन पाजावे.

याच नगर जिल्ह्यातून, खेड्यात बसून, मुकुंदराव पाटलांनी १९१० सालापासून 'दीनमित्र' काढला. शहाणपणाची गोष्ट शहरातूनच यावी लागते असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून या बैठकीतून केवळ टाळ्या वाजवून उठू नका. चार गोष्टी ठरवून उठा. एक, शाळेत, चावडीत, दुकानात, देवळात हात धुण्यास पाणी व साबण असेल. वर्गणी त्यासाठी गोळा करू. दोन, ज्या घरी सगळेच आजारी पडतील, त्या घरी शेजारी जात न पाहता भाकरी आणि पाणी दारात नेऊन ठेवतील आणि जनावरांना वैरण घालतील. तीन, तापलेल्या मजुराला, गड्याला, तोडणीवाल्याला परत पाठवू, पण त्याची मजुरी वा खाडा कापणार नाही. चार, घरची बाई आजारी पडली तर चूल पुरुष पेटवील, आणि ती बरी असली तरी तिचे ताट सर्वांबरोबरच वाढले जाईल.

यांतील एकही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही, म्हणूनच तिची जाहिरात कोणी करीत नाही. हवा आणि ऊन निर्मिकाचे आहे. पाणी आणि विसावा वाटून देणे हे मात्र माणसाच्या हाती आहे. १९१८ साली ते वाटले गेले नाही, म्हणून एका वस्तीत आठ आणि दुसरीत एकसष्ट गेले. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा श्रीगोंद्याच्या एका आळीचा आकडा दुसऱ्या आळीहून वेगळा निघू नये, एवढे आपण आजपासून करू शकतो.

सत्याचा जय असो!